वयानें वाढणारा सत्यान्वेषी



रहस्यकथा हा वाङ्मयप्रकार आपल्या सुशिक्षित घरांतून आवडीनें वाचला जातो. परंतु ती आवड फारशी कबूल केली जात नाहीं. बैठकीच्या खोलींतील कपाटांत ज्ञानेश्वरी, केतकरांचा ज्ञानकोश आणि हरिभाऊंच्या कादंबऱ्या मांडलेल्या असतात. रहस्यकथेचें पुस्तक मात्र उशीखालीं सांपडतें. नागपुरच्या वैशाखांत, पूर्वीं वाळ्याच्या ताट्या आणि आतां कूलर लावून, खोली अंधारी करावी, दुपारच्या दोन-तीन तासांत एक रहस्य संपवावें आणि संध्याकाळीं पुस्तक वाचनालयांत परत करावें, हा क्रम या शहरांतील कित्येकांनीं पाळलेला आहे. अशा पुस्तकाचें आयुष्य तेवढ्या दुपारीपुरतें, असें आपण गृहीत धरतों. गुन्हेगार कोण हें एकदां कळलें, कीं त्या पुस्तकांत पुन्हा पाहण्यासारखें काय उरलें?

एका सुट्या पुस्तकापुरता हा आक्षेप खरा असेल. परंतु एखादा लेखक एकाच नायकाच्या तीस-बत्तीस कथा तीस-पस्तीस वर्षांच्या अवधींत लिहितो आणि वाचक त्या सर्व वाचतो, तेव्हां त्या वाचकाला बांधून ठेवणारी गोष्ट निव्वळ कोडें असूं शकत नाहीं. त्यांतून, कथांबरोबर नायकाचें वयहि वाढत जात असेल, तर अशा मालिकेचें आकर्षण नेमकें कशांत आहे, याचा विचार आज करावयाचा आहे. उदाहरणासाठीं मीं एक बंगाली कथामालिका घेतली आहे. तिचा मोठा भाग आपल्या महाराष्ट्रांत, पुण्यास बसून लिहिला गेला, ही गोष्ट मराठी वाचकांच्या फारशी ध्यानांत नसते.

प्रथम आपल्या घरच्या नायकांकडे पाहूं. बाबूराव अर्नाळकर, म्हणजेच चंद्रकांत सखाराम चव्हाण (१९०६–१९९६), यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. धनंजय, झुंजार आणि काळा पहाड हे त्यांचे मानसपुत्र मराठी घरांतून नातलगांसारखे वावरले. या वीरांचें वय कधीं वाढलें नाहीं. आरंभींच्या पुस्तकांत झुंजार जितका चपळ, तितकाच तो पन्नास पुस्तकांनंतरहि. यांत लेखकाचें न्यून नाहीं. लेखक आणि वाचक यांच्यामधील अलिखित कराराचें तें एक कलम आहे. घरांत आजारपण येवो, नोकरींत बदली होवो, नवें पुस्तक उघडलें कीं आपला झुंजार जसाच्या तसा भेटेल, एवढेंच आश्वासन त्या वाचकाला हवें असतें. सत्यजित राय यांचा फेलुदा १९६५ सालीं अवतरला, तोहि असाच चिरतरुण राहिला. त्याच्या कथा किशोरवयीन वाचकांसाठीं होत्या, आणि मुलांच्या नव्या नव्या पिढ्यांना तो तरुण भेटणेंच सोयीचें होतें.

अगाथा ख्रिस्ती यांच्या हर्क्युल पॉयरोची गोष्ट थोडी निराळी आहे. १९२० सालीं तो प्रथम वाचकांसमोर आला, तेव्हांच बेल्जियमच्या पोलिसखात्यांतून निवृत्त झालेला होता. आणि त्याची अखेरची कादंबरी निघाली १९७५ सालीं. वर्षांची सरळ बेरीज केली, तर त्याचें वय शंभरीच्या पलीकडे जातें. वाचक ही बेरीज करीत नाहींत. केली तरी हंसून सोडून देतात. तेथेंहि करार तोच आहे.

दुसऱ्या परंपरेंत नायकाच्या अंगावरून वर्षें जातात आणि त्यांच्या खुणा राहतात. स्कॉटलंडमधील एडिंबरा शहराचा पोलिस अधिकारी जॉन रेबस हा इयन रँकिन यांचा नायक. १९८७ सालच्या पहिल्या कादंबरींत तो चाळिशींत होता; वीस वर्षांनीं, २००७ सालच्या कादंबरींत, साठी गांठून तो सेवानिवृत्त झाला. पुढें २०१२ सालीं लेखकानें त्याला जुन्या, न उलगडलेल्या प्रकरणांच्या कामावर परत आणलें. आपल्या देशांत अशा नायकाचा जन्म याहून पुष्कळ आधीं, १९३२ सालींच, झाला होता. तो म्हणजे ब्योमकेश बक्षी.

हें नांव नागपुरकरांना परकें वाटूं नये. कलकत्ता आणि मुंबई यांना जोडणारा लोहमार्ग या शहरावरून जातो, बंगाल-नागपुर रेल्वेच्या नांवांतच दोन्ही ठिकाणें एकत्र आलेलीं होतीं, आणि १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपुर विद्यापीठाचे पहिले कुलगुरु सर बिपिन कृष्ण बोस हे बंगालीच होते. धंतोलींतील दुर्गापूजेला गेलेल्या मराठी मंडळींना बंगाली घरांतील पुस्तकांचीं कपाटें ठाऊक आहेत. शिवाय १९९३ सालीं बासु चटर्जी यांनीं दूरदर्शनवर हिंदींत आणलेला ब्योमकेश आपल्यापैकीं अनेकांनीं पाहिलेला आहे. त्यांत रजित कपूर हे ब्योमकेश होते, आणि त्याची पत्नी सत्यवती हिची भूमिका सुकन्या कुलकर्णी या आपल्या मराठी अभिनेत्रीनें केली होती.

या नायकाचे जनक शरदिंदु बंद्योपाध्याय यांचा जन्म १८९९ सालीं आजच्या उत्तर प्रदेशांतील जौनपुर येथें झाला. वडील बिहारांत मुंगेर येथें वकिली करीत. शरदिंदूंनींहि कायद्याचा अभ्यास केला, पण त्यांचें मन लेखनांत रमलें. १९३२ पासून चार-पांच वर्षांत त्यांनीं ब्योमकेशच्या दहा कथा लिहिल्या आणि मग हा नायक बाजूला ठेवला. १९३८ सालीं हिमांशु राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठीं चित्रपटकथा लिहिण्यास ते मुंबईस आले. १९५२ सालीं चित्रपटांचा निरोप घेऊन ते पुण्यास स्थायिक झाले, आणि त्याच सुमारास, जवळ जवळ पंधरा वर्षांच्या खंडानंतर, वाचकांच्या आग्रहावरून ब्योमकेश परत आला. पुऱ्या झालेल्या बत्तीस कथांपैकीं बावीस या दुसऱ्या पर्वांतील आहेत. हॅरिसन रोडवरील बिऱ्हाड, तेथील चहाचे पेले, बंगालचा पाऊस, हें सारें मुळा-मुठेच्या कांठीं राहून एक माणूस आठवणींतून लिहीत होता.

या पंधरा वर्षांच्या खंडाचें शरदिंदूंनीं काय केलें, तें पाहण्यासारखें आहे. नायकाला जेथें सोडला तेथूनच, त्याच वयाचा उचलून, पुढें चालवणें त्यांना सहज शक्य होतें. त्यांनीं तसें केलें नाहीं. मधलीं वर्षें ब्योमकेशच्या अंगावरून जाऊं दिलीं.

अजित हा ब्योमकेशचा मित्र आणि बहुतेक कथांचा निवेदक. त्यांची पहिली भेट होते तेव्हां ब्योमकेश तेवीस-चोवीस वर्षांचा असून खोटें नांव घेऊन कलकत्त्याच्या एका मेसमध्यें उतरलेला असतो. पुढें दोघे हॅरिसन रोडवर, म्हणजे आजच्या महात्मा गांधी रस्त्यावर, बिऱ्हाड करतात. पुंटीराम नांवाचा नोकर त्यांचें घर सांभाळतो. 'डिटेक्टिव्ह' हा शब्द ब्योमकेशला रुचत नाहीं. तो स्वतःला 'सत्यान्वेषी' म्हणवितो. १९३३ सालच्या 'अर्थमनर्थम्' या कथेंत एका खुनाच्या तपासांत सत्यवती त्याला भेटते. तिच्या भावावरच संशय आलेला असतो. पुढें तीच ब्योमकेशची गृहिणी होते. खंडानंतरच्या 'चित्रचोर' या कथेंत तो मोठ्या दुखण्यांतून उठून हवापालटासाठीं संथाळ परगण्यांतील एका गांवीं आलेला दिसतो. तेथें त्यानें काय खावें आणि किती फिरावें, याचा निकाल सत्यवती देते. मग मूल होतें, घरांत रुसवेफुगवे होतात, अजित पुस्तकांच्या धंद्यांत पडतो, आणि शेवटीं दक्षिण कलकत्त्यांत केयातला येथें ब्योमकेश स्वतःचें घर बांधतो. अखेरच्या कथा १९६० नंतरच्या आहेत. म्हणजे हिशेबानें तो तेव्हां साठीच्या आसपास असला पाहिजे.

यांतील कोणतीहि गोष्ट खुनाचा उलगडा होण्यासाठीं आवश्यक नाहीं. तरी वाचक तिची वाट पाहतो. तपासाचा धागा त्या पुस्तकांतच संपतो. संसाराचा धागा पुढच्या पुस्तकांत जातो. या धाग्याची गति मोठी गमतीची आहे. ब्योमकेशचे वडील गणिताचे शिक्षक होते आणि तो सतरा वर्षांचा असतांना आईवडील दोघेहि क्षयानें गेले, ही गोष्ट आपल्याला पहिल्या कथेंत समजत नाहीं. मालिकेला वीस वर्षें होऊन गेल्यावर, १९५५ सालच्या 'आदिम रिपु' या कथेंत, ती समजते. शेजारच्या घरांतील माणसाचें पूर्वायुष्य आपल्याला असेंच, पुष्कळ वर्षांच्या शेजारानंतर, दुसरेंच कांहीं बोलतां बोलतां कळतें. हा परिचय घाईनें होत नाहीं, आणि म्हणूनच तो खरा वाटतो.

अशा मालिकेचा दुसरा लाभ असा, कीं वाचकाला नकळत एका शहराचा इतिहास मिळतो. इतिहासकार महत्त्वाच्या घटना निवडतो. रहस्यकथाकाराला मात्र खोलींत दिवा कशाचा होता, नोकर किती वाजतां आला, पैसा कोठें लपविला होता, हें सांगावेंच लागतें. 'पथेर कांटा' या पहिल्या कथेंतील कलकत्ता सायकलींचा आणि ग्रामोफोनचा आहे. 'आदिम रिपु' मधील कलकत्ता १९४६-४७ सालच्या दंगलींनीं होरपळलेला आहे. बाहेर पडतांना कोणता रस्ता धरावा याचा विचार करावा लागतो, आणि स्वातंत्र्याचा दिवस जवळ येत असतांना काळ्या पैशाची थप्पी एका घरांत दडलेली आहे. लेखकानें हें इतिहास म्हणून लिहिलें नाहीं. पण नायक त्या वर्षांतून चालत गेला, म्हणून तीं वर्षें कागदावर राहिलीं. भाषाहि बदलली: आरंभींच्या कथा जुन्या वळणाच्या साधुभाषेंत आहेत, तर पुढच्या कथा बोलीला जवळ अशा चलित भाषेंत. ज्या नायकाचें वय थांबलेलें असतें, त्याच्या भोंवतालचें शहरहि बहुधा थांबलेलें असतें.

मात्र माझ्या मतें या आकर्षणाचें मुख्य कारण याहून खोल आहे. तें समजण्यासाठीं दोन कथा शेजारीं शेजारीं ठेवून पाहूं.

'पथेर कांटा', म्हणजे वाटेवरचा कांटा, ही १९३२ सालची कथा. कलकत्त्याच्या रस्त्यांतून चालणारीं माणसें अचानक कोसळतात आणि त्यांच्या छातींत ग्रामोफोनची पिन रुतलेली सांपडते. ही पिन कोण आणि कशानें मारतो, एवढाच प्रश्न आहे. तरुण सत्यान्वेषी तो प्रश्न एखाद्या गणितासारखा सोडवितो आणि आपण टाळी देतों. 'शजारूर कांटा', म्हणजे साळिंदराचा कांटा, ही १९६७ सालची कादंबरी. येथेंहि रस्त्यावरचीं माणसें मरत आहेत. येथेंहि हत्यार एक कांटाच आहे. मधें पस्तीस वर्षें गेलीं आहेत. पण या वेळीं कथेचा मोठा भाग व्यापला आहे तो एका नवविवाहित जोडप्याच्या अबोल्यानें. नवराबायको एका छपराखालीं राहतात, जेवतात, बाहेरच्या जगाला हंसून दाखवितात, आणि एकमेकांशीं मनांतलें एक अक्षर बोलत नाहींत. ब्योमकेश बराच वेळ बाजूला आहे. तो पुढें येतो तेव्हां त्याला कांट्याइतकाच त्या घरांतील मुका भागहि वाचतां आला पाहिजे. आणि तो त्याला वाचतां येतो, कारण मधल्या काळांत त्यानें स्वतः संसार केलेला आहे. तेवीस वर्षांच्या ब्योमकेशला हें प्रकरण सुटलें नसतें. आणि लेखकहि एव्हांना सत्तरीच्या जवळ आला होता.

सत्य शोधणें हें बुद्धीचें काम आहे आणि तें तरुणालाहि साधतें. सांपडलेल्या सत्याचें पुढें काय करावें, हें मात्र वयाचें काम आहे. १९६० सालच्या 'अचिन पाखि' या लहानशा कथेंत एक सेवानिवृत्त पोलिस अधिकारी ब्योमकेशला आपल्या नोकरींतील एका न सुटलेल्या प्रकरणाची हकीगत सांगतो. पाठलाग नाहीं, पिस्तूल नाहीं; दोन प्रौढ माणसें बसून बोलत आहेत. ऐकतां ऐकतां ब्योमकेशला काय उमगतें, तें येथें सांगून मी आपला रसभंग करणार नाहीं. इतकेंच सांगतों, कीं कथेचा सारा ताण उत्तर सांपडण्याच्या क्षणानंतर सुरू होतो. उत्तरकालीन कथांत असे प्रसंग अधिक येतात. गुन्हेगार ओळखल्यावर, त्याला पोलिसांच्या स्वाधीन करावें कीं नाहीं, हा प्रश्न ब्योमकेश स्वतःला विचारतो. आणि त्याचें उत्तर दर वेळीं 'होय' असें येत नाहीं.

यावर गंभीर आक्षेप घेतां येईल, आणि तो घेतलाच पाहिजे. न्याय करण्यासाठीं न्यायालयें आहेत. एका खाजगी माणसानें हातीं आलेलें सत्य झांकून ठेवावें, हा अधिकार त्याला कोणी दिला? मला स्वतःलाहि त्याचा प्रत्येक निर्णय पटत नाहीं. परंतु हेंच पहा, कीं एखाद्या सुट्या कादंबरीचा अनोळखी नायक असें वागता, तर आपण त्याला उद्धट म्हटलें असतें. ब्योमकेशच्या बाबतींत आपण थांबतों, विचार करतों आणि त्याच्याशीं मनांतल्या मनांत वाद घालतों. कारण इतक्या वर्षांत आपण त्याला पैसा नाकारतांना, चुकतांना, आजारी पडतांना आणि बायकोपुढें हार खातांना पाहिलेलें असतें. आपल्या घरांतील तंटे ज्या वडीलधाऱ्या माणसापुढें नेले जातात, त्याच्या शब्दाला जें वजन असतें, तें कायद्यानें आलेलें नसतें. त्याच्या गेल्या चाळीस वर्षांच्या वागणुकीतून तें आलेलें असतें. तो निवाडा चुकीचा वाटला तरी आपण उठून जात नाहीं. वय वाढणाऱ्या नायकाला वाचकापुढें हा अधिकार कथागणिक मिळवितां येतो. चिरतरुण नायकाला तो मिळवितां येत नाहीं, कारण त्याचा भूतकाळ प्रत्येक पुस्तकाबरोबर पुसला जातो.

या प्रकाराला किंमतहि द्यावी लागते. उत्तरकालीन कांहीं कथांचें कोडें सैल आहे, गुन्हेगार चाणाक्ष वाचकाला लवकर दिसतो, आणि पहिल्या दहा कथांतील धांवपळ पुन्हा येत नाहीं. अखेरच्या कथांत अजितचें निवेदनहि थांबतें व लेखक स्वतःच गोष्ट सांगूं लागतो. ज्यांना अजितच्या भाबड्या आवाजाची संवय झालेली आहे, त्यांना तेथें चुकल्याचुकल्यासारखें होतें. ज्याला केवळ कोडें हवें आहे, त्यानें पहिल्या दहा कथा वाचून थांबावें. त्याचें फारसें नुकसान होणार नाहीं.

वयानें वाढणाऱ्या नायकाचा शेवट कसा करावा, हा प्रश्न प्रत्येक लेखकापुढें येतो. कॉनन डॉयल यांनीं शेरलॉक होम्सला एकदां कड्यावरून खालीं लोटलें, वाचकांच्या आग्रहास्तव परत आणलें, आणि शेवटीं ससेक्स परगण्यांत मधमाश्या पाळावयास बसविलें. अगाथा ख्रिस्ती यांनीं पॉयरोचा मृत्यु स्वतः लिहून ठेवला. शरदिंदूंनीं यांपैकीं कांहींच केलें नाहीं. २२ सप्टेंबर १९७० रोजीं मुंबई येथें त्यांचें निधन झालें, तेव्हां 'विशुपाल वध' ही ब्योमकेशची तेहतिसावी कथा अर्धवट राहिलेली होती. गुन्हा घडलेला आहे, ब्योमकेश विचारांत आहे, आणि पान कोरें आहे.

श्रोत्यांपैकीं ज्यांना या कथा वाचावयाच्या असतील, त्यांना एकच सूचना करतों. त्या क्रमानें वाचाव्या. लेखनाच्या क्रमांत 'पथेर कांटा' पहिली असली, तरी ब्योमकेश आणि अजित यांची ओळख 'सत्यान्वेषी' या कथेंत होते. म्हणून तेथून आरंभ करावा. 'अर्थमनर्थम्' वाचल्यावांचून 'चित्रचोर' हातीं घेऊं नये, आणि 'शजारूर कांटा' अगदीं शेवटासाठीं राखून ठेवावी. घरांत दोन-तीन पिढ्या असतील तर फार उत्तम. तरुण मंडळींना पहिल्या कथा आवडतील, आजोबा-आजींना शेवटच्या, आणि मधल्या वयाच्यांना दोहोंची बाजू घ्यावी लागेल. मग एखाद्या रात्रीं ती अपुरी कथा सर्वांसमोर मोठ्यानें वाचावी. गुन्हेगार कोण, आणि ब्योमकेशनें त्याचें काय केलें असतें, यावर घरांत नक्कीच दोन पक्ष पडतील; आणि कोणता पक्ष खरा, हें सांगावयास लेखक आतां येणार नाहीं.